आमचे पन्नीत्यागाचे व्रत

क्षीरसागरात निद्रिस्त असूनही भक्तांच्या साऱ्या लबाड्या जाणणाऱ्या श्रीहरीला वंदन करून, गेल्या चातुर्मासात आमच्या घरी घडलेल्या एका व्रताची हकिकत लिहावयास बसलो आहे. आषाढी पुन्हा जवळ आली आहे, हेच निमित्त.

चातुर्मासात कुणी कांदा-लसूण सोडतो, कुणी वांगे. माझा जन्म संस्कृत शिकविण्यात आणि पूजा सांगण्यात गेला. कांदा मला मुळातच वर्ज्य, आणि वांग्यावर माझे निस्सीम प्रेम. तेव्हा आमच्या नाचणगावातल्या घरामागची नाली पन्न्यांनी, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांनी, तुंबलेली पाहिली आणि मला त्यागास योग्य वस्तू सापडली. कार्तिकी एकादशीपर्यंत, एकदा वापरून फेकायचे प्लास्टिक घरात आणायचे नाही, हाती धरायचे नाही. देवापुढे बसलो, तळहातावर पाणी घेतले आणि सपत्नीक संकल्प सोडला. सौभाग्यवतीने रीतीप्रमाणे माझ्या उजव्या हाताला बोटे लावली. संकल्प अर्थातच संस्कृतात होता. त्याचा अर्थ तिला कळला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, दुधाची पिशवी मी दारातूनच परत धाडली तेव्हा.

"म्हणजे हे व्रत माझंही आहे?"

"अर्धे पुण्य तुझे," मी औदार्याने म्हणालो.

"आणि मोडलं तर?"

"दोषही अर्धा."

"मला न विचारता?" तिने कोरा चहा माझ्यापुढे ठेवला. "अन् तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या कशात येतात हो?"

शास्त्रकारांनी आपद्धर्माची सोय किती दूरदृष्टीने करून ठेवली आहे, हे मला त्या सकाळी नव्याने उमगले. औषधे वगळली. तिचा पहिला प्रश्न मात्र मनात रुतून बसला. जिने मला आयुष्यभर सांभाळले, तिला मी तिच्या नकळत बांधून घातले होते. आता माझ्या हातून व्रत मोडले, तर काडीचा अपराध नसता तिला दोष लागणार होता. म्हणून ते मोडू द्यायचे नाही, असा मी मनाशी निश्चय केला.

निश्चय करणे सोपे असते; बाजाराला जाताना थैली नेण्याचे ध्यानात राहणे अवघड. पहिल्याच आठवडी बाजारात मी रिकाम्या हाताने उभा होतो. भाजीवालीने वांगी तोलली, पन्नी उघडली, आणि मी सर्प दिसावा तसा मागे सरलो.

"काऊन जी गुरुजी, पन्नी चावते का तुमाले?"

मी व्रत सांगितले.

"मंग थैली आणा लागते नं घरून! व्रत तुमचं, अन् थैली मी देऊ?"

युक्तिवाद निर्दोष होता. मी खांद्यावरचे उपरणे पसरले. त्यात वांगी, मिरच्या आणि ओल्या सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी पडली. गाठोडे काखेत घेऊन निघालो, तर मागून ऐकू आले, "पाहा वो, गुरुजी भिक्षा मागून घरी चालले!" घरी सौभाग्यवतीने सांभारातल्या चिखलाचे डाग उपरण्यावर पाहिले आणि फक्त साबणाची वडी पुढे सरकवली.

असे दोन महिने निभावले. मग शेजारच्या नव्या सुनेने सत्यनारायण घातला. तिचा नवरा सेवाग्रामच्या रुग्णालयात नोकरीला. घर नवे, संसार नवा आणि तिच्या हातची ही पहिलीच पूजा. कथा सांगायला अर्थातच मी. प्रसादाची अवहेलना करणाऱ्यांवर काय संकटे कोसळतात, तो भाग मी नेहमीप्रमाणे आवाज चढवून सांगितला. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला असावा. आरती झाली, आणि सूनबाई शिरा घेऊन माझ्यापुढे आली. प्लास्टिकची वाटी, प्लास्टिकचा चमचा.

माझा हात आपोआप मागे गेला. तिचा चेहरा पार उतरला.

"काही चुकलं का जी, गुरुजी? वापरातल्या भांड्यांचा विटाळ नको, म्हणून तुमच्यासाठी मुद्दाम कोऱ्या आणल्या मी."

एका बाजूला देवापुढचा संकल्प आणि घरातल्या माणसाचा अर्धा दोष. दुसऱ्या बाजूला नुकतीच माझ्याच तोंडून निघालेली कथा आणि त्या पोरीचे भरलेले डोळे. मनातल्या मनात मी बराच शास्त्रार्थ केला. शेवटी ज्याच्यासाठी व्रत धरले, तोच देव या घरी आज पाहुणा आहे, असे म्हणून वाटी घेतली. "उत्तम झालाय शिरा," म्हणालो. खोटे नव्हते. ती हसली.

घरी परतताना अंगणातच सौभाग्यवतीपुढे कबुली दिली. "माझ्यामुळे तुलाही दोष लागला. मला क्षमा कर."

"मला कशाला लागतो? मी प्रसाद हातावर घेतला."

"हातावर?"

"सगळ्या बायका वाटी घेत होत्या, मी ओंजळ पुढे केली. तिला काही वाईट नाही वाटलं. तुम्हाला हात नव्हते का?"

शास्त्रार्थाच्या भरात, आपल्याला दोन हात आहेत ही गोष्ट माझ्या खरोखरच ध्यानात आली नव्हती.

"माझं अर्धं शाबूत आहे," ती म्हणाली. "तुमच्या अर्ध्याचं तुम्ही बघा."

"प्रायश्चित्त पाहावे लागेल," म्हणून मी पोथ्यांच्या कपाटाकडे वळलो.

"तिथं नाही मिळायचं. गवळ्याकडचं दूध आजवर मी आणलं, उद्यापासून तुम्ही आणा."

गवळ्याचा गोठा गावाच्या दुसऱ्या टोकाला. किटली हाती घेऊन मी रोज पहाटे निघू लागलो. गुडघे कुरकुरत, गवळीण हसे, आणि किटली धुवायची राहिली की घरी बोलणीही बसत. कार्तिकीला व्रताची सांगता झाली ती सर्वस्वी तिच्या अर्ध्याच्या बळावर. नैवेद्याचे दूध तेवढे मी आणले होते.

वाचकहो, आपल्या घरी दूधदुभते विपुल असो, अंगणामागची नाली वाहती राहो, आपल्या संकल्पांना घरच्या माणसांची आधी संमती आणि मग साथ लाभो, आणि श्रीहरी आपणां सर्वांस कुटुंबासह सुखात ठेवो.