माझ्या वाट्याचं 'मग?'

मित्राची ओळ पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या पोटात दुखलं. अजूनही दुखतं. खोटं कशाला बोलू?

आम्ही चौघं महिन्यातून एका रविवारी कुपवाडला जमतो. आमच्यातल्या एकाचं तिथं लोखंडी गेट बनवायचं वर्कशॉप आहे, ते रविवारी बंद असतं. चौघांनाही सिनेमा लिहायचाय. प्रत्येकानं आपली गोष्ट एका ओळीत सांगायची. सिनेमावाले तिला लॉगलाइन म्हणतात, आम्ही नुसतं ओळ म्हणतो. सुरुवातीला जो तो तोंडावर 'वा, वा' करायचा आणि पाठ वळली की नावं ठेवायचा. म्हणून नियम केला. स्तुती नाही, टीका नाही. पुढचं ऐकावंसं वाटलं तर फक्त 'मग?' म्हणायचं. नाही वाटलं तर गुमान चहा प्यायचा.

दोन वर्षांत माझ्या ओळींवर भरपूर चहा संपला.

मी रहिमतपूरचा फोटोग्राफर. लग्नं, बारशी, सत्कार, सगळं शूट करतो. कॅमेरा माझा, लाइट माझे, एडिटिंगही माझंच. चौघांत सिनेमाच्या सगळ्यात जवळ मीच, असं मी धरून चाललो होतो. आणि हा मित्र कोण? सांगलीत खतं-बियाणांचं दुकान चालवणारा. सांगलीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. घर जैन, दिवस मावळायच्या आत जेवणार, म्हणून आमची बैठकसुद्धा त्याच्या जेवणाच्या वेळेनं आटपते. सिनेमा बघताना मध्यंतरापर्यंत झोपतो हा माणूस!

त्या रविवारी मी माझी ओळ सांगितली: 'बदलत्या काळात मूल्यांची पडझड बघणाऱ्या एका प्रामाणिक छायाचित्रकाराच्या मनातलं द्वंद्व.' महिनाभर घासली होती. तिघांनी कप उचलले.

मित्राची पाळी आली. मान खाजवत म्हणाला, "आमचं आपलं साधं हाय. गावाला वाटतंय, गडी मिलिटरीत हाय. अन् त्यो हितं कुपवाडात वॉचमन हाय. आता गावानं त्याचा सत्कार ठरवलाय."

"मग?" दोघं एकदमच म्हणाले.

मी कप तोंडाला लावला. तो रिकामा होता. माझ्याही तोंडात 'मग' आलं होतं, ते मी गिळलं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी त्या ओळीत खोट काढत बसलो. मोबाइलच्या जमान्यात असली थाप टिकेल का? गावातलं कुणी ना कुणी कुपवाडला कामाला असणारच की. पण रहिमतपूर येईपर्यंत प्रत्येक शंकेचं उत्तर मलाच सापडत गेलं, आणि त्यानं आणखी जळफळाट झाला.

घरी बायको मेथी निवडत बसली होती. कुठली ओळ कुणाची ते न सांगता मी तिला दोन्ही ऐकवल्या. माझ्या ओळीला ती "चांगलं हाय की" म्हणाली. त्याची ऐकली आणि हातातली जुडी खाली ठेवली. "आवं, मग? त्याच्या बायकूला ठावं हाय का न्हाई?" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात. आमच्या घरात कार्टंच लाडकं निघालं.

पुढं पुण्यातले एक ओळखीचे, सिनेमाच्या धंद्यातले, आमच्यातली एक ओळ वाचायला तयार झाले. एकच. कुणाची पाठवायची यावर चर्चासुद्धा झाली नाही. थोड्याच दिवसांत निरोप आला: आवडली, पूर्ण गोष्ट पाठवा. आमच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पहिला अंगठा माझा. पाठोपाठ फुलांचे गुच्छ. अंगाचा तिळपापड झालेला माणूसच इतकी फुलं पाठवतो.

त्यानंतर आठवड्यानं मित्राचा दुकानातून फोन आला. "गड्या, पुढं कायबी सुचंना बघ. म्या आपलं एक वाक्य बोलून गेलो. आता काय करू?"

'मला काय ठाऊक,' असं म्हणायची फार इच्छा झाली. पण मला ठाऊक होतं. आदल्याच दिवशी औंधला एका फौजीच्या सत्काराचं शूटिंग केलं होतं. सगळे हाराकडं बघत होते, मी सवयीनं त्याच्या बायकोवर कॅमेरा नेला. ती नवऱ्याकडं बघतच नव्हती. मान ताठ करून शेजारणींची तोंडं न्याहाळत होती. तिथंच उभ्या उभ्या मला अख्खी गोष्ट दिसली. ती माझी नव्हती, एवढंच वाईट होतं.

"थाप त्या गड्याची न्हाईच," मी फोनवर म्हणालो. "भरतीत नापास झाला, लाजंनं गावाकडं गेलाच न्हाई, कुपवाडात राहिला. हिकडं गावात पेढं वाटलं बायकूनं. अन् सत्कार करा म्हणून सरपंचाला गाठलंय ते बी तिनंच."

पलीकडं दुकानात कुणीतरी युरिया मागत होतं. "जरा थांबा वं," मित्र त्याला म्हणाला. आणि मला विचारलं, "मग?"

दोन वर्षं मी ज्याची वाट बघितली ते हे असं आलं, त्याच्या गोष्टीवर. पण अस्सल होतं, गिऱ्हाईक थांबवून विचारलेलं. मला आनंद झाला आणि जीवही जळाला. शेवट तर माझ्या जिभेवर तयार होता.

"बाकीचं रविवारी," मी म्हणालो. "कुपवाडात. चौघांत."

"लय हलकट हायस रं! आत्ता सांग की!"

मी फोन ठेवला. तिघांनी कप खाली ठेवलेले मला बघायचे होते.