रा. रा. लिहिलेली पेटी

लवू परबाला कुठेही डाग दिसला की चैन पडत नसे. त्यात त्याचा दोष नव्हता. वीस वर्षं त्याने गिरणीच्या घडी खात्यात कापड तपासण्यात घालवली होती. टेबलावरून थानामागून थान सरकायचं, आणि तुटका धागा, तेलाचा ठिपका, विणीतली गाठ दिसली की खडूने खूण करायची. ही सवय इतकी हाडात मुरली होती की लग्नाच्या पंगतीत बसला तरी तो आधी पत्रावळ तपासायचा. बायको प्रेमा म्हणायची, "बरं झालं, मला बघायला आलात तेव्हा दिवे गेले होते."

मग ब्याऐंशीचा संप झाला, गिरणीला टाळं लागलं आणि लवूचा डोळा बेकार झाला. दीडेक वर्ष इकडेतिकडे काढल्यावर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चंद्रप्रकाशशेठच्या गाळ्यात त्याला काम लागलं. तिथे जुनं फर्निचर यायचं. मुंबईतले बडे बंगले मोडले, घरातली म्हातारी माणसं गेली, मुलं परदेशात राहिली, की त्यांचे पलंग, आरसे, लिहायची मेजं टेम्पोत भरून चारकोपला येत आणि ठाकठीक होऊन जुहूला, पाली हिलला जात. पॉलिशचं काम लवूने महिनाभरात उचललं. त्या गाळ्याचा कायदा मात्र त्याच्या डोक्यात शिरता शिरेना.

पहिल्याच आठवड्यात त्याने एका शिसवी मेजावरचा शाईचा भलामोठा डाग दोन दिवस काचपेपर घासून काढला आणि मोठ्या ऐटीत शेठला बोलावलं. शेठने कपाळाला हात लावला.

"वाट लावलीस रे! डाग कशाला काढलास?"

"डाग होता म्हणून काढला, शेठ."

"अरे, डागच तर पाहिजे होता! लोक डाग बघून घेतात. अँटिक म्हणतात त्याला, अँटिक."

लवूने त्यावर बराच विचार केला आणि जितका विचार केला तितका तो गोंधळला. त्याच गाळ्यात त्याच्या शेजारी बसणारा कुंडलिक कोऱ्या करकरीत लाकडाला चहाचं पाणी आणि काजळी फासून शंभर वर्षांचं म्हातारं करत असे. म्हणजे नव्याला म्हातारं करायचं आणि खऱ्या म्हाताऱ्याचा ओरखडासुद्धा पुसायचा नाही. आपल्याकडे ज्या पलंगावर माणूस जातो तो पलंग दान करून टाकतात, आणि ही मोठी माणसं कुठल्या अनोळखी म्हाताऱ्याचा पलंग शोधून, मागे लागून आणतात आणि त्यावर गाढ झोपतात. लवूने हे घरी सांगितलं तेव्हा प्रेमा म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय? पॉलिश मारा नि घरी या." दोन वर्षं त्याने तेच केलं. तोही पुढे चहाचं पाणी लावायला शिकला, आणि खोटं कशाला बोला, त्याचा हात कुंडलिकपेक्षा चांगला बसला.

शहाऐंशी साली शिमग्याला लवू आईला कायमची मुंबईला आणायला गावी निघाला. आता त्या पेटीची गोष्ट सांगायला हवी, कारण आये आली ती पेटीच्या बोलीवर आली.

पेटी लवूच्या बापाची. सागवानी, दोन माणसांनी उचलायची. बाप पहिल्यांदा बोटीने मुंबईला निघाला तेव्हा भाऊच्या धक्क्यावर सामानाची अदलाबदल होऊ नये म्हणून गावच्या सुताराने तिच्या दर्शनी बाजूला पांढऱ्या रंगाने नाव घातलं. सुताराला अक्षरं बेताचीच येत. त्याने आयुष्यात वाचलेलं लिखाण म्हणजे पोस्टकार्डावरचे पत्ते. पत्रावर कोणाच्याही नावाआधी राजमान्य राजेश्री लावायची आपल्याकडची रीत, तेव्हा पेटीलाही ते लागत असणार असं धरून त्याने आधी ऐसपैस 'रा. रा.' काढलं आणि मग उरलेल्या जागेत बापाचं नाव, आडनाव, गाव कोंबलं.

लवूच्या आयेला वाचता येत नव्हतं. नवऱ्याचं नाव तर तिने जन्मात घेतलं नव्हतं. तो 'लवूचो बापूस' होता, नाहीतर नुसता 'ते'. पण तो गेल्यापासून रोज सकाळी अंघोळ झाली की ती पेटीपाशी बसायची आणि 'रा. रा.' पासून सुरू करून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवायची, सावकाश, अक्षराची एकही काठी न गाळता. मग चहा. तेवढंच तिचं नाव घेणं. मुंबईला यायला ती एका अटीवर तयार झाली: पेटी तिच्या अंथरुणाशेजारी पाहिजे.

एवढी पेटी एसटीत चढणार नव्हती म्हणून गावच्या टेम्पोने ती दोन दिवस आधीच चारकोपला आली होती; आठ-दहा दिवसांचाच प्रश्न म्हणून आयेने तेवढं सोसलं होतं. तिची एक बिजागरी तुटली होती. गावी निघायच्या आदल्या दिवशी त्याने ती गाळ्यावर नेली, पितळी बिजागरी बसवली आणि परत नेऊ म्हणून कोपऱ्यात ठेवली. आठ दिवसांनी आयेला घेऊन आला. गाळ्यावर गेला तर कोपरा मोकळा.

"ती पेटी?" शेठ म्हणाला. "ती गेली ना यार! जुहूच्या नीला मॅडमनी नेली. काय खूष झाल्या! त्या बंगल्याच्या लॉटमधली ना ती?"

"शेठ, ती माझी होती."

"तुझी?" शेठने त्याच्याकडे असं पाहिलं की लवूला क्षणभर स्वतःचीच शंका आली. "अरे, पण त्यावर रा. रा. लिहिलंय. मॅडम म्हणाल्या, राजघराण्यातली आहे."

घरी आये वाट बघत होती. "पेटी खंय रे, झिला?"

"बिजागरी बसवतायत, आये."

"किती दीस बसयतत?"

तीन दिवस लवू बिजागरी बसवत राहिला. तीन सकाळी आये अंघोळ करून भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिने चहा घेतला नाही. चौथ्या दिवशी प्रेमा त्याला दाराबाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "आज पेटी आणल्याशिवाय घरी येऊ नका. म्हातारी बोलत नाही, पण तिचं काय होतंय ते मला दिसतंय." लवूलाही दिसत होतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती की त्याने शेठला न विचारता जुहूचा रस्ता धरला.

नीला मॅडमचा दिवाणखाना म्हणजे लवूच्या गाळ्याचंच स्वच्छ रूप होतं. दोन मेजं तर त्याने स्वतः पॉलिश केलेली. त्यातल्या एकाला त्याने ओळख दिली नाही, कारण त्याचं म्हातारपण त्यानेच केलं होतं. पेटी खिडकीखाली होती. तिच्यावर पितळेचं घंगाळ, घंगाळात पाणी, पाण्यात फुलं. आणि दर्शनी बाजूला फक्त 'रा. रा.'. त्यापुढे लाकूड खरवडून साफ केलेलं.

"नाव कुठे गेलं?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"ते? ते मीच काढायला सांगितलं," मॅडम म्हणाल्या. मराठी घरातल्याच, बोलायला गोड. "पुढे कोणाचं तरी साधंसं नाव होतं. नंतर कोणा कारकुनाने लिहिलं असेल. रॉयल मार्क तेवढा ठेवला. तुम्ही चंद्रप्रकाशकडचे ना?"

"बाई, ते साधंसं नाव माझ्या बापाचं होतं."

"तुमचे वडील राजेसाहेबांकडे होते?"

"नाही बाई. गिरणीत होते. साचेखात्यात."

मॅडमना काही कळेना. त्या पेटीकडे बघत, मग लवूकडे, मग पुन्हा पेटीकडे. लवूला समजावून सांगता येईना. शेवटी त्याने खिशातून पोस्टकार्ड काढलं. शिमग्याआधी चुलतभावाने आयेची तब्येत कळवली होती, ते. पत्त्याची बाजू त्याने पुढे धरली.

मॅडमनी वाचलं, "रा. रा. लवू बाबाजी परब." पुन्हा वाचलं. "म्हणजे तुम्हीसुद्धा?"

"सगळेच बाई. आमच्या इथे दूधवाल्याचं पत्र आलं तरी रा. रा. असतं."

मॅडम खुर्चीत बसल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "माझ्या आजोबांच्या सगळ्या पत्रांवर होतं हे. मी इंग्लिश शाळेत शिकले. मला कोणी सांगितलंच नाही. मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आले की आम्ही…" पुढे त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मग आम्ही कोण होतो हो?"

लवू पेटी न्यायला आला होता आणि बाईंचे आजोबा त्याच्या गळ्यात पडले होते. "चांगलीच माणसं असतील बाई," तो म्हणाला.

मॅडमनी स्वतः घंगाळ उचलून खाली ठेवलं, चंद्रप्रकाशशी मी बोलते म्हणाल्या, आणि ड्रायव्हरला पेटी गाडीत घालायला सांगितली.

गाडी थेट घरी न्यायचा लवूला धीर झाला नाही. आयेच्या बोटाखाली कोरं लाकूड कसं घालणार? तो गाळ्यावर आला. शेठ नव्हता, कुंडलिक जेवायला गेला होता. लवूने पेटी उजेडाला ओढली. खरवडलेल्या जागी नीट बघितलं तर जुन्या अक्षरांची पुसट सावली उरली होती. त्याने बारीक कुंचला घेतला आणि सावलीवरून एकेक अक्षर गिरवत गेला. एका ठिकाणी काना दिसेना. तो पार घासला गेला असणार असं समजून त्याने तो नीट भरून काढला; वीस वर्षं कापड तपासलेल्या माणसाला चूक तशीच राहू देववत नाही. पंख्याखाली रंग वाळवला, मग चहाचं पाणी, मग काजळी, मग कापडाने हलकंसं पुसलं. अंगठेबहाद्दर कुंडलिक जेवून आला आणि म्हणाला, "ही परत आली? नाव तर मी खरवडलं होतं." त्याने वाकून पाहिलं, नखाने टोकरलं, आणि तोच बुचकळ्यात पडला. लवूला हायसं वाटलं. कुंडलिक फसला म्हणजे काम झालं.

संध्याकाळी पेटी आयेच्या अंथरुणाशेजारी गेली. आये उठली, मोरीवर जाऊन भर संध्याकाळी अंघोळ करून आली, आणि पेटीपाशी बसली. प्रेमा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. लवू तिच्या बोटाकडे बघत होता.

बोट 'रा. रा.' वरून गेलं. पुढच्या अक्षरावरून पलीकडे गेलं. आणि थांबलं. मागे आलं, पुन्हा पुढे गेलं, पुन्हा त्याच जागी थांबलं.

"ह्यां त्येंचां नाय," आये म्हणाली.

"त्यांचंच आहे, आये. बघ ना, तोच रंग, तीच अक्षरं…"

"हयसर एक काठी जास्त इली." तिने बोट ठेवलं ते बरोबर लवूने भरलेल्या कान्यावर. "माका वाचूक येणा नाय, पन काठयो मोजूक येतत. काय लिवलंस तू? वाच."

"बाबाजी," लवूने वाचलं.

"बाबाजी कोन?" आये उसळली. "खंयसून काढलंस बाबाजी? त्येंचां नाव बाबजी. बाबजी परब! अख्खो गाव त्येंका बाबजी म्हणा!"

आयेच्या लक्षात आलं तेव्हा तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले आणि प्रेमाकडे पाहिलं. लग्न होऊन साठ वर्षं झाली होती, त्यात नवरा जाऊन अकरा. ती हातांआडून हसत होती की रडत होती हे प्रेमालाही नीट सांगता आलं नाही. मग तिने हात काढले आणि हळूच, चव घेतल्यासारखं, पुन्हा म्हणाली, "बाबजी."

लवू खाली बसला. गिरणीच्या कार्डावर, रेशन कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, सगळीकडे बाबाजी होतं. कोणा कारकुनाने एकदा काना दिला आणि तोच पुढे चालत आला. गावकरी बाबजी म्हणत ते बोलण्यातलं आखूड रूप, असंच तो धरून चालला होता. पेटी तर त्याने लहानपणापासून पाहिली होती, पण त्याला वाचता येत होतं ना, म्हणून त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. सुताराने बरोबर लिहिलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षं आपण कोणाचं नाव लावत आलो, हे त्याला काही केल्या उमजेना.

"काड ती काठी," आये म्हणाली.

"काढतो. पण तिथे डाग पडेल, आये. थांब, उद्या गाळ्यावरून…"

"पडांदे."

लवूने पातं आणलं आणि तेवढाच काना खरवडून काढला. काजळीखालचं लाकूड पांढरं पडलं, लांबूनही दिसेल असं. त्याचा हात सवयीने चहाच्या भांड्याकडे गेला आणि परत आला. आयेने बोट पुन्हा 'रा. रा.' वर ठेवलं, सावकाश पुढे नेलं, पांढऱ्या डागावरून ते न अडखळता गेलं, आणि ती प्रेमाला म्हणाली, "आता चाय टाक."