बाकाशेजारी उभा राहणारा

तोंडात लिंबाची काडी, डावं पाऊल उजव्या गुडघ्याला टेकवलेलं आणि सगळा भार बगलेतल्या काठीवर. आमच्या साखर कारखान्याच्या बास्केटबॉल मैदानाच्या कडेला तो असा उभा असायचा. बदली खेळाडूंसाठी तिथे चांगला सिमेंटचा बाक होता. त्यावर बाकीचे बसायचे, पाण्याच्या बाटल्या बसायच्या, कधी कारखान्यातली कुत्रीही बसायची. हा बसायचा नाही.

"बस की बे," आमचा सेंटर सुभाष म्हणायचा.

"बसलं की मेंढरं पांगत्यात," हा म्हणायचा.

मेंढरं तिथून दहा कोसांवर त्याच्या चुलत भावाजवळ होती. पण सवय ती सवय.

त्याचं नाव सांगत नाही. त्याचे लोक अजून चौसाळ्याच्या बाजूला आहेत, उगीच कशाला. तुम्ही आमच्याकडचे असाल तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, माळावर, लांबून. फक्त तुम्ही पाहिलेला एवढा उंच नसेल. आमच्या टाइम ऑफिसच्या दारातून तो वाकून आत यायचा आणि आत आल्यावरही सरळ व्हायला जरा वेळ घ्यायचा, पंखा कुठे आहे ते पाहून.

मी त्याच ऑफिसात टाइमकीपर होतो आणि कारखान्याच्या संघाचा कप्तान. साखर कारखान्याला बास्केटबॉल कशाला, असं तुम्ही म्हणाल. आमच्या चेअरमनना विचारा. ते तरुणपणी पुण्याला शिकायला होते, तिथे खेळले होते, आणि परत येऊन कारखाना काढला तेव्हा शाळा, दवाखाना आणि बास्केटबॉलचं मैदान एकदमच काढलं. सहकारात असं चालायचं. एखाद्या चेअरमनला भजनी मंडळाचा नाद, एखाद्याला कुस्तीचा. आमच्याला हा.

चेअरमननीच त्याला शोधला. जीपमधून कपिलधारला दर्शनाला चालले होते, तर रस्त्याकडेच्या बाभळीच्या काटेरी कुंपणावरून एक फेटा चाललेला दिसला. नुसता फेटा. त्यांना वाटलं, कुणी उंटावर बसलंय. जीप थांबवून पाहिलं तर खाली माणूस होता. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "याला उद्या कारखान्यावर बोलाव."

दुसऱ्या दिवशी हा आला तो एकटा नाही. सोबत दोन म्हातारे आणि एक कोकरू. त्यांना वाटलं होतं, मेंढरं चेअरमनच्या उसात शिरली असणार, म्हणून बोलावणं आलं. म्हातारे हात जोडून उभे राहिले, कोकरू टेबलाजवळ ठेवलं आणि म्हणाले, "लेकरू चुकलं, साहेब. पुन्हा न्हाई व्हायचं." चेअरमन म्हणाले, "अहो, मला याची उंची पाहिजे." म्हातारे एकमेकांकडे पाहत राहिले. कोकरू परत न्यायचं की ठेवायचं, यावर बराच वेळ गेला.

असा तो आमच्या संघात आला. रोजंदारीवर, ऊस तोलायच्या वजनकाट्यावर मदतनीस म्हणून. पण खेळाडू म्हणून कॉलनीत एक खोली मिळाली, माझ्या खोलीच्या भिंतीला भिंत. खोलीला नळ होता. त्याची आई राहायला आली त्या दिवशी तिने नळ सोडला, बंद केला, परत सोडला, आणि मला विचारलं, "दादा, ह्यो आमचा एकल्यांचाच?" मी हो म्हणालो. ती तिथेच खाली बसली.

खेळ त्याला गुरुजींनी शिकवला. गुरुजी म्हणजे कारखान्याच्या शाळेतले खेळाचे शिक्षक, तेच आमचे प्रशिक्षक. चेंडू टाकणं त्याला बरं जमायचं. अडवणं मात्र गुरुजींना हवं तसं कधीच जमलं नाही. सेंटरने रिंगखाली भिंतीसारखं उभं राहायचं, समोरच्याला रोखायचं. हा रोखायचाच नाही. दोन्ही हात पसरून, समोरच्याच्या जरा बाजूने चालायला लागायचा आणि तो माणूस कसा कोण जाणे, कडेला कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा.

"अरे, अडव त्याला," गुरुजी ओरडायचे.

"आडवायचं न्हाई, गुरुजी. वळवायचं. आडवलं की अंगावर येतं."

दुसरी भानगड शिळेची. वळवताना त्याच्या तोंडून शीळ निघायची. बोटं न लावता, दात आणि जीभ यांच्या फटीतून, बारीक आणि कडक. पहिल्या आठवड्यात त्याने शीळ घातली की आम्ही सगळे जागच्या जागी थांबायचो, पंचाची शिट्टी समजून. गुरुजींनी समजावलं, दटावलं, एकदा जेवण बंद करतो म्हणाले. थांबवायची त्याची इच्छा होती, पण शीळ त्याला विचारून निघत नव्हती. शेवटी गुरुजी वैतागून म्हणाले, "तोंडात काहीतरी धर बाबा." तेव्हापासून ती लिंबाची काडी. दातात काडी असली की शीळ निघत नसे. सरावाला येताना तो वाटेत लिंबाची डहाळी मोडून दोन काड्या घ्यायचा, एक तोंडात, एक कानावर.

खरं सांगायचं तर त्याची गरज फारशी पडायची नाही. सुभाष कारखान्याच्या उसाच्या गिरणीत फिटर होता, रेड्यासारखा दांडगा, पूर्ण सामना खेळायचा. हा कडेला उभा. चेंडू रिंग आणि फळीच्या मध्ये अडकला की मात्र सगळे त्याच्याकडे बघायचे. हा शांतपणे यायचा, काठीने चेंडू खाली ढोसायचा आणि परत जाऊन एका पायावर उभा राहायचा. लोक टाळ्या वाजवायचे. त्यालाही हसू यायचं. रोज सुटताना मला विचारायचा, "भाऊ, मपली जागा हाय न्हवं?" मी म्हणायचो, "आहे की." तो म्हणायचा, "मंग बरं."

मग ती वर्षं आली. पहिल्या वर्षी ऊस अर्धा झाला. दुसऱ्या वर्षी झालाच नाही. जो होता तो लोकांनी जनावरांना घातला. दसऱ्याला आमच्याकडे बॉयलर पेटतो, ऊस टाकायच्या गव्हाणीची पूजा होते, चेअरमन तीत उसाची पहिली मोळी टाकतात. त्या दसऱ्याला काहीच झालं नाही. भोंगा वाजला नाही. मळीचा वास, ज्याला आम्ही आयुष्यभर नाकं मुरडली, तो गेला. मी ऑफिसात जाऊन बसायचो, समोर कोणी यायचं नाही. कॉलनीतले नळ एक दिवसाआड, मग तीन दिवसांआड, पण यायचे. बाहेरच्या गावांत तेही नव्हतं. माणसं भांडत नव्हती, रडत नव्हती. आम्ही सगळे नुसते बसलेले असायचो. मला तेव्हा काय वाटायचं असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. काही वाटायचं नाही.

रोजंदारीवरची माणसं कमी करायला सुरुवात झाली. संघ मात्र ठेवायचा असं चेअरमननी ठरवलं. सगळंच बंद पडलं, निदान नाव तरी राहू दे, म्हणाले. पण बाकावर माणसं किती ठेवायची, हा प्रश्न आला. एक उंच सेंटर आहे, तर दुसरा कशाला? परळीला सामना होता. चेअरमन म्हणाले, त्यात बघू.

हे त्याला कळलं होतं. लपवण्यासारखं काही नव्हतंच. जागा गेली की खोली जाणार आणि खोली गेली की नळ. त्याच्या गावातली विहीर आटून दोन उन्हाळे झाले होते. त्याची आई त्या दिवसांत नळाखाली रिकामी कळशी ठेवून तिच्याकडे पाहत बसायची, पाणी यायचा दिवस नसला तरी. परळीला निघताना ती ट्रकपर्यंत आली. मला म्हणाली, "दादा, त्याला खेळू द्या जरा."

परळीचं मैदान चांगलं होतं, फक्त चेंडू दोनदा आपटला की तळवे काळे व्हायचे. तिथल्या वीजकेंद्राची राख. सुभाष त्या दिवशी नको तितका जोरात खेळला. त्यालाही आपली जागा दाखवायची असावी. सामना संपायला थोडा वेळ असताना त्याचा पाचवा फाउल झाला आणि तो बाहेर गेला. गुरुजींनी बाकाकडे पाहिलं. हा काठी खाली ठेवून आधीच पुढे आला होता.

पंचाने त्याला थांबवलं. "तोंडातलं काढा. कुणाला लागेल."

बरोबरच होतं पंचाचं. याने काडी काढली. कानावरची दुसरीही काढली. दोन्ही नीट बाकावर ठेवल्या.

आणि काय खेळला तो. हे मी आजही सांगतो, कारण त्या दिवशी मैदानात मी होतो. समोरचा सेंटर याच्यापेक्षा वजनाने दीडपट असेल. याने त्याला एकदाही धक्का दिला नाही. नुसता बाजूने चालायचा, हात पसरून, आणि तो गडी दर वेळी डाव्या कोपऱ्यात मी उभा असेन तिथे येऊन पोचायचा. मी चेंडू काढून घ्यायचो. दोनदा घेतला, तीनदा घेतला. मला समजलं, माळावर त्या कोपऱ्यात त्याचा भाऊ उभा असणार. आज मी होतो. आम्ही एका गुणाने पुढे गेलो. गुरुजी बाकावर उभे राहिले होते. मला वाटलं, झालं, राहिली याची जागा.

शेवटचा चेंडू त्यांच्याकडे होता. त्यांचा सेंटर घेऊन आला. याने हात पसरले, वळवायला लागला, तो गडी वळायलाही लागला. आणि शीळ निघाली.

आम्ही थांबलो. पाचपैकी चौघे, एकदम, हात खाली सोडून. मीसुद्धा. समोरचा गडी थांबला नाही. तो याच्या तोंडासमोरच होता, शीळ कुठून आली ते त्याला दिसत होतं. त्याने आरामात दोन पावलं टाकली आणि चेंडू रिंगेत सोडला. आम्ही पंचाकडे धावलो. पंच म्हणाला, "मी शिट्टी वाजवलेली नाही." नव्हतीच वाजवली.

आम्ही ट्रकमधून परत निघालो. अंबाजोगाई मागे पडल्यावर त्याने मला विचारलं, "भाऊ, तुमी थांबलात कावून?"

"शीळ वाजली म्हणून."

"ती त्येच्यासाठी व्हती. तुमच्यासाठी न्हाई." मग म्हणाला, "शिळीवर मेंढरं थांबत न्हाईत, भाऊ. वळत्यात." रागाने नाही म्हणाला. मला माहीत नसेल म्हणून सांगितल्यासारखं म्हणाला. जागेचं त्याने विचारलं नाही.

चार दिवसांनी चेअरमननी गुरुजींना आणि मला बोलावलं. "मला सांगा, दुसरा उंच माणूस लागतो का?"

गुरुजी म्हणाले, "लागतो, साहेब. सुभाष बाहेर गेला की रिंगखाली कोणी राहत नाही. पण हा..."

"हाच आहे ना आपल्याकडे?"

 मी म्हणालो, "लागतो साहेब, आणि हाच लागतो." अगदी स्पष्ट म्हणालो. चेअरमननी मान हलवली. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, "अहो, एका दुष्काळात दोन उंच माणसं कशी पोसायची?" आणि पुढचा कागद ओढला. तो टँकरचा होता.

ते खोली सोडून गेले तो नेमका पाण्याचा दिवस होता. सामान बैलगाडीत चढवून झालं तरी म्हातारी निघेना. तिने नळ येईपर्यंत गाडी थांबवली. मग घरातलं होतं नव्हतं ते भांडं भरलं, कळशी, घागर, दोन पातेली, तवासुद्धा. खडबडीत रस्त्याने ते नेता येणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. घागर तेवढी गाडीत ठेवली आणि बाकीचं सगळं आणून आमच्या हंड्यात ओतलं. माझ्या बायकोला म्हणाली, "आजचं आमच्या वाट्याचं व्हतं, बाई. नळाला तसंच सोडून कसं जावं?"

तो गाडीमागे चालत गेला. मी दारात उभा होतो. त्याने वळून जागेचं विचारलं नाही. वाईट वाटायला हवं होतं. घरात जाऊन मी त्या पाण्याने हातपाय धुतले आणि जेवायला बसलो.

पुढे कळलं, ते मेंढरं घेऊन गंगथडीला गेले, गोदावरीच्या काठाने. म्हातारी तिकडेच वारली म्हणतात. त्याच्याबद्दल एकाने एक सांगितलं, दुसऱ्याने दुसरं. मी खोलात गेलो नाही.

त्या उन्हाळ्यात आमच्या मैदानावर जनावरांची छावणी बसली. रिंगेच्या खांबाला बैल बांधलेले असायचे. मग पाऊस झाला, छावणी उठली, ऊस लागला, भोंगा वाजला. संघ परत सुरू झाला. बाकावर नवीन पोरं आली, सगळी बेताच्या उंचीची. चेंडू अडकला की आता दुसरा चेंडू मारून पाडतात. दहा वेळा मारावा लागतो.

एकदा संध्याकाळी सराव चालू होता. मैदानाच्या पलीकडे कारखान्याची भिंत आहे, तिच्यामागून चौसाळ्याकडचा रस्ता. भिंतीपलीकडून मेंढरांचा कळप चालला होता. धूळ वर येत होती, खुरांचा आवाज येत होता. आणि शीळ आली. बारीक, कडक.

नवीन पोरं खेळत राहिली. त्यांना काय माहीत. आम्ही जुने तेवढे थांबलो. सुभाषच्या हातात चेंडू होता, तो तसाच राहिला. गुरुजींनी तोंडाजवळ नेलेली शिट्टी खाली घेतली. ती भिंत अशी आहे की तिच्यापलीकडून चालणारा माणूस दिसत नाही. तो त्या रस्त्याने यायचा तेव्हा मात्र त्याचा फेटा दिसायचा. आम्ही भिंतीच्या वरच्या कडेकडे पाहत होतो. धूळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. फेटा दिसला नाही.

एक नवीन पोरगं माझ्याजवळ आलं आणि म्हणालं, "काका, थांबलात कावून? गुरुजींनी शिट्टी न्हाई वाजवली."

मी म्हणालो, "माहीत आहे."