फुकटातलं कंपाउंड

इंग्रजी शिकायला मला गाव सोडून जावं लागलं. गावाला मात्र कुठं जावं लागलं नाही, इंग्रजी आपल्या पायानं गावात आली. आली तीही फक्त अडवायला. गेट, कंपाउंड, रेलिंग, बाऊंडरी, बफर, लिमिट. कॉलेजात मी तीन वर्षं इंग्रजी कविता वाचल्या, त्यातला एक शब्द गावात कोणाच्या तोंडून ऐकला नाही. "या, बसा, जेवून जा" एवढं म्हणायला आमच्याकडं कोणाला इंग्रजीची गरज पडत नाही. "तिथंच थांब" म्हणायला पडते.

आमच्या घराण्यात पदवी आणणारा मी पहिला. हे मी लाजत सांगत नाही. त्यामुळं गावात नवी पाटी लागली की अर्थ सांगायचं काम माझं. तलावाच्या पाळीवर एकदा 'रिस्ट्रिक्टेड एरिया' असा बोर्ड आला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय लिवलं आहे, बाबू?"

"आत जायले मनाई आहे."

"मंग आपून आता कुठं उभे आहो?"

आम्ही आतच उभे होतो. बोर्ड रोवणाऱ्यांनी त्याचं तोंड तलावाकडं करून ठेवलं होतं. मनाई बहुधा माशांना होती.

पण गावात या शब्दांचा खरा ठोक व्यापारी म्हणजे आमचे काकाजी. बाबांचे चुलतभाऊ, वयानं लहान. लाखनीला हायवेवर त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. बाहेर दिवसभर ट्रक धडधडतात आणि आत काकाजी ग्राहकाला चेन लिंक, जीआय वायर आणि 'फुल सेफ्टी' समजावतात. रानडुकरांचा त्रास खोटा नाही. एका रात्रीत ते धानाची बांधी, म्हणजे वावराचा अख्खा तुकडा, नांगरल्यासारखी करतात. तेव्हा काकाजींनी आधी आपल्या वावराला झटका मशीन लावलं. म्हणजे सोलरची बॅटरी, सिमेंटचे पोल, चार पदरी तार आणि हात लागला की झटका. ते पाहून शेजाऱ्यानं लावलं, त्याचं पाहून पलीकडच्यानं. डुक्कर एकाच्या तारेला भिऊन दुसऱ्याकडं जातो, म्हणून दुसऱ्यालाही तार घ्यावीच लागते. इतका चांगला सेल्समन काकाजींना पगार देऊनही मिळाला नसता.

पोळा झाला तोवर आमच्या वावराच्या तिन्ही बाजूंना तारा आल्या. चौथ्या बाजूला नहर, म्हणजे कालवा. काकाजी आमच्या अंगणात आले.

"दादा, तुमीबी फेन्सिंग करून टाका."

बाबा म्हणाले, "तुमी सगळ्याईनं लावलीच ना. माया वावराभवती तुयाच दुकानाची तार आहे. मी अजून कायले लावू?"

बाबा त्या दिवशी फार खूश होते. आईला म्हणाले, "पाय, फुकटात कंपाउंड भेटलं." आणि खरंच, त्या साली आमच्या धानात एक डुक्कर शिरला नाही.

धान पिकलं तेव्हा कळलं की आम्हीही शिरू शकत नाही.

आमच्या बांध्या मध्यात आहेत. त्यांना रस्ता नाही. कधी नव्हताच, पण तो नाही हे आम्हाला तोवर कोणी जाणवू दिलं नव्हतं. धानाच्या मुलखात माणूस धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधावरून जातो, धुरा कोणाचाही असो. बैलबंडीचं म्हणाल तर रस्त्याकडच्यानं आधी कापायचं, मग त्याच्या रिकाम्या बांधीतून आतल्याची बंडी निघायची. याचा कुठं कागद नव्हता आणि यावरून कधी भांडणही नव्हतं. आता रस्त्याकडची बांधी काकाजींची आणि तिच्याभोवती तार. मधले दोन महिने बाबा काठीनं खालची तार उचलून सरपटत आत जात होते. पण भरली बंडी सरपटत नाही.

त्यात दिवाळी झाल्यावर आभाळ भरून आलं. लोंब्या पार वाकलेल्या. एक जोराचा पाऊस म्हणजे वर्षाचं धान चिखलात. मी म्हटलं, रस्त्यासाठी अर्ज करतो. बाबा म्हणाले, "कर. साहेब पाहणीले येईल तवा त्याले झडलेला धान दाखवू."

मग मी लाखनीला दुकानात गेलो.

"काय म्हणते ग्रॅज्वेट?"

"काकाजी, बंडी काढायची आहे. दोन पोल काढून द्या."

"अबे, ते का निस्ते पोल आहेत? सर्किट आहे ते. एक हालवला का पूरा सिस्टम डाऊन."

"आठ दिवसांसाठी."

"आज तुमची बंडी, उद्या दुसऱ्याची. कुठंतरी लिमिट पायजे का नाही? तू तं शिकला आहेस, तुले समजाले पायजे."

"मग धान कसं आणायचं?"

"बायांले सांग, भारे डोक्यावर आणतील. धुऱ्यावरची खालची तार वर बांधून दोन फुटाचा गॅप देतो मी." मग आवाज हळू करून म्हणाले, "ह्युमॅनिटी म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी कापणीच्या बाया आल्या. आमच्या गावात बायांची एकच टोळी आहे. आज याच्याकडं, उद्या त्याच्याकडं. आई त्यातच असते. सगळ्यांत पुढं आमच्या घरामागची मोठमाय. तिनं तार पाहिली, खालचा दोन फुटांचा ह्युमॅनिटीचा गॅप पाहिला आणि इळा धुऱ्यावर ठेवून बसली.

"रोवण्यात वाकली, निंदणात वाकली, आताबी दिवसभर वाकूनच कापीन. पर वावरात जायसाठी कुत्र्यावाणी तारेखालून जाऊ? नाही बाप्पा." मग आईला विचारलं, "उद्या कोनाकडं आहे कापणी?"

"भाऊजीकडंच. याच तारेतल्या बांधीत."

"तं सांग त्याले, त्याचा धान त्यानंच कापावा. ग्राहक आनावं दुकानातले."

एकीएकीनं सगळ्या बाया बसल्या. तंबाखूची पुडी निघाली. मी काकाजींना फोन लावला आणि बाया काय म्हणतात ते जसंच्या तसं सांगितलं. ग्राहकांचं तेवढं गाळलं.

"बसू दे," काकाजी म्हणाले. "मी हार्वेस्टर बोलावतो."

"बोलवा. शिरणार कुठून?"

काकाजींनी आपल्या फेन्सिंगला गेट ठेवलं होतं, पण ते त्यांच्या मोटारसायकलपुरतं आणि किल्ली त्यांच्याच खिशात. सेफ्टी इतकी फुल होती की स्वतःच्या धानालाही बाहेर पडायची सोय नव्हती. आणि ढग काही फक्त आमच्या बांधीवर आले नव्हते.

अर्ध्या तासात ते मोटारसायकलवर आले. बायांकडं न पाहता मशीनचं बटन बंद केलं, मागं बसवून आणलेल्या दुकानातल्या पोराकडून दोन पोल उपटून घेतले आणि तार स्वतः गुंडाळली. मोठमाय उठली, लुगडं झटकलं आणि ताठ मानेनं आत गेली. तिच्यामागं सगळ्या गेल्या. आई जाताना म्हणाली, "उद्या येतो बरं, भाऊजी."

पावसानं चार दिवस दम धरला; तेवढ्यात काकाजींची बांधी कापून रिकामी झाली, आमचं कापलेलं धान वाळलं, भारे बांधले आणि बंडी भरली. बाबा पुढं बैलांजवळ, आई मागं भाऱ्यांना हात लावून. आभाळ आता चांगलंच काळं झालं होतं. वाट सोडलेल्या जागी काकाजी उभे होते. बाकीचे तारवालेही आपापल्या धुऱ्यावरून पाहत होते. काकाजींनी मला बाजूला ओढलं.

"हे पाय, मी सोडून दिलं असं लोकाईनं म्हणाले नाही पायजे. याले काही नाव पायजे. तू शिकलेला आहेस ना, सांग."

एवढ्या सगळ्या भानगडीत माझ्या पदवीचं काम कोणाला पडलं असेल तर ते इथं.

"ॲक्सेस म्हणा."

"हलकं वाटते."

"सर्व्हिस रोड?"

काकाजींचा चेहरा उजळला. दुकानासमोर हायवेला सर्व्हिस रोड आहे, त्याची किंमत त्यांना माहीत. "हं. हे बरोबर. सर्व्हिस रोड दिला म्या. बोर्डच लावतो. इंग्रजीत..."

"नाव मंग ठेवजा, भाऊजी," बंडीमागून आई म्हणाली. "अगुदर बाजूले व्हा. बैल बुजून राहिले."

काकाजी बाजूला झाले. बाबांनी कासरा सैल सोडला आणि बंडी निघाली. पाऊस आला, पण भारे रचून पुंजण्यावर ताडपत्री बांधून झाल्यावर.