तिसऱ्या सिलिंडरमधले तांदूळ

तिसऱ्या प्लगच्या भोकात मी तार घातली. बाहेर काढली तेव्हा टोकाला तांदळाचा एक दाणा चिकटून आला. काळा पडलेला, पण तांदूळच. पुन्हा घातली. या वेळी तीन दाणे आले आणि झेंडूची एक सुकलेली पाकळी.

"काय निघालं हो, परब?" शेजारी स्टुलावर बसलेल्या कर्णिक बाईंनी विचारलं.

"तांदूळ," मी म्हणालो.

बाईंनी वाकून तारेचं टोक बघितलं. मग म्हणाल्या, "अक्षता असतील. माझ्याच."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा मुलुंडला गाला शेठच्या गॅरेजमध्ये हेड मेकॅनिक होतो. कर्णिक बाई शाळेतून रिटायर झालेल्या. मुलुंड पूर्वेला त्यांचा बैठा बंगला होता. बाजूला पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये त्यांच्या नवऱ्याची काळी विलायती गाडी. कर्णिक साहेब आजारी पडले तेव्हापासून, म्हणजे सात वर्षं, ती जागची हलली नव्हती.

आता बंगला पाडून तिथे बिल्डिंग होणार होती. बाईंचे दीर भाऊसाहेब शेड रिकामी करायच्या मागे लागले होते. नाशिकचा भाचा गाडी न्यायला तयार होता, पण स्वतःच्या इंजिनावर चालत असेल तरच. टोचन करून, म्हणजे दोर बांधून ओढत, तो कसारा घाट चढवणार नव्हता. तो रविवारी येणार होता. गाडी चालू झाली नाही तर सोमवारी कुर्ल्याचा भंगारवाला. भंगारवाला अशी गाडी जागेवरच कापतो.

"गेली तरी चालेल मला," बाई म्हणाल्या होत्या. "पण ह्यांची गाडी माझ्या दारात कापू नका."

तो दिवस मंगळवार होता. इंजिन जाम होतं. पुढून हँडल घालून जोर लावला तर तसूभर हलेना.

थोडं समजावून सांगतो. सिलिंडर म्हणजे लोखंडी नळकांडं. त्यात पिस्टन खालीवर होतो आणि गाडी चालते. प्रत्येक सिलिंडरवर एक प्लग बसतो, तो ठिणगी देतो. या जुन्या इंजिनात चार सिलिंडर होते आणि चारही प्लग वरून उभे बसायचे. प्लग काढला की तिथे बोटभर रुंदीचं भोक राहतं. त्यातून जे पडेल ते सरळ आत.

दसऱ्याला लोक बॉनेटला हार घालतात. कर्णिक साहेब बॉनेट उघडून इंजिनाची पूजा करायचे. "पळतं ते इंजिन, पत्रा नव्हे," असं त्यांचं म्हणणं. ते गेल्यावर बाईंनी पद्धत मोडली नाही.

"पहिल्या वर्षी तिथे एक घाणेरडा फडका कोंबलेला होता," बाई सांगू लागल्या. "पूजेत तो कशाला, म्हणून काढून टाकला. खाली छान गोल खळगा होता. मला वाटलं, वाहायची जागाच असेल ती. मग तिथेच हळद-कुंकू, अक्षता, फूल आणि पळीभर पाणी."

"दर वर्षी?"

"सात दसरे झाले." बाईंनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे माझ्यामुळेच वाट लागली का हो गाडीची?"

"हेड उतरवावं लागेल," मी म्हणालो. हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

उत्तर मला माहीत होतं. फडका माझा होता.

सात वर्षांपूर्वी गाडी बंद करून ठेवायला मीच आलो होतो. साहेब हॉस्पिटलमध्ये होते. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल ओततात, म्हणजे आतून गंज धरत नाही. मग प्लग परत लावतात. मी तेल ओतलं, तीन प्लग लावले. चौथा, म्हणजे तीन नंबरचा, चिरलेला निघाला. उद्या नवा आणून लावू म्हणून भोकात फडका कोंबला आणि बॉनेट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दुसरं काम निघालं. तिसऱ्या दिवशी मी विसरलो. महिन्याभराने आठवलं, तोवर साहेब गेले होते. सुतक चालू असलेल्या घरी प्लग घेऊन कसं जायचं, म्हणून गेलो नाही. सुतक संपल्यावर इतके दिवस का नाही आलात असं विचारतील, म्हणून गेलो नाही. पुढे कारण शोधायचीही गरज राहिली नाही. मंगळवारी बॉनेट उघडताना मनात एवढंच होतं, की फडका जागेवर असू दे.

बुधवार हेडचे नट सोडवण्यात गेला. हेड म्हणजे सिलिंडरांवरचं एकत्र झाकण. ते उचललं आणि आत बॅटरी मारली. एक, दोन आणि चार नंबरात मी ओतलेलं तेल अजून होतं. भिंती चकचकीत. ते बघून मला जास्तच वाईट वाटलं. मला काम येत होतं, एवढं त्यातून सिद्ध झालं. तीन नंबरात लाल थर बसला होता. त्यात कुंकू कुठलं आणि गंज कुठला, कळत नव्हतं. खरवडून वाटीभर निघालं. मग रॉकेल आणि पातळ तेल निम्मं-निम्मं करून ओतलं आणि मुरत ठेवलं. गंजलेल्या इंजिनाशी भांडून उपयोग नसतो. त्याला मुरू द्यावं लागतं.

गुरुवारी भाऊसाहेब शेजारच्या दोघांना घेऊन आले. वाटीतलं दाखवलं.

"वहिनींनी गाडीला जेवू घातलं बघा! वहिनी, नुसता भात कसा? वरण राहिलं की."

सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. संध्याकाळी भाऊसाहेबांनी आणखी दोघांना आणलं. तोच विनोद केला. "शिकलेली बाई आणि हे असं," असंही एक जण म्हणाला.

शुक्रवारी बाई शेडमध्ये बसायला आल्या नाहीत. स्टुलावर माझा चहा ठेवला आणि आत गेल्या.

मी दुपारी गॅरेजवर जाऊन शेठला गाठलं.

"शेठ, कर्णिकांच्या गाडीचा एक प्लग मी त्या वेळी लावलाच नव्हता."

शेठनी सगळं ऐकून घेतलं. "बाईला माहीत आहे?"

"नाही."

"मग बाई काय बोलते?"

"माझी चूक, असं बोलते."

"ती बोलते ना? मग तू कशाला बोलतो? गाला शेठचा हेड मेकॅनिक भोक उघडा टाकून येतो, असं पब्लिकला कळलं तर उद्या गाडी कोण देणार? तू इंजिन चालू कर. तोंड बंद कर."

मी परत येऊन पिस्टनवर सागाचा ठोकळा ठेवला आणि हातोडीने हलके ठोकत बसलो. चार ठोके, मग हँडलवर जोर. पुन्हा चार ठोके. पाचच्या सुमाराला हँडल केसभर हललं. शनिवारी दुपारी पूर्ण फिरलं. सिलिंडरची भिंत काचकागदाने घासली, पण गंजाचे खड्डे राहिलेच. ही गाडी धूर सोडणार हे नक्की झालं. हेडखाली बसणारं तांब्याचं नवं गॅस्केट कुठे मिळेना, म्हणून जुनंच तापवून, मऊ करून बसवलं. कार्ब्युरेटर धुतला, चार्ज केलेली बॅटरी बसवली. टाकीतल्या पेट्रोलला वॉर्निशचा वास येत होता, म्हणून टाकी रिकामी करून धुतली आणि ताजं पेट्रोल भरलं.

रविवारी सकाळी भाचा आला. भाऊसाहेब आले, शेजारी आले. शेठही इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि फाटकापाशी उभे राहिले. बाई दाराच्या उंबऱ्यात होत्या. तीन प्लग मी लावले होते. चौथा खिशात होता. तो काढला.

"थांबा, थांबा," भाऊसाहेब म्हणाले. "वहिनी, पूजेचं ताट आणा! आज तिला उपाशी पाठवायचं नाही."

शेजारी हसले. भाचाही हसला. बाई आत जायला वळल्या.

"बाई," मी म्हणालो, "ते भोक मी उघडं ठेवलं होतं. तिथे हा प्लग असायला हवा होता. फडका माझा होता."

बाई थांबल्या. "म्हणजे तिथे झाकण असतं?"

"प्लग असतो. हो."

"प्लग असता तर अक्षता आत गेल्या नसत्या?"

"वरच राहिल्या असत्या. तुम्ही फुंकरून काढल्या असत्या."

"आणि हे तुम्हाला मंगळवारपासून माहीत आहे."

"सात वर्षांपासून."

बाई शाळेत कशा दिसत असतील ते मला तेव्हा कळलं.

"इकडे या," त्या म्हणाल्या. "भाऊसाहेबांच्या समोर उभे राहा. आता हेच पुन्हा सांगा. मागच्यांना ऐकू जाईल असं."

मागे फाटकाला टेकून शेठ उभे होते. मी पुन्हा सांगितलं. उद्या आणू म्हणालो आणि आणला नाही, हेही सांगितलं. माझं वय तेव्हा चाळीस होतं.

"कळलं का, भाऊसाहेब?"

"कळलं, वहिनी."

"ज्यांना वाटी दाखवलीत त्यांनाही सांगा." मग माझ्याकडे वळून, "लावा आता तो."

मी प्लग लावला. सात वर्षं उशिरा. हाताने बसवला, मग पान्याने आवळला, मग पुन्हा एकदा आवळला. भाचा स्टिअरिंगवर बसला. पहिल्या सेल्फला नुसती कण्हली. दुसऱ्याला दोन ठोके. तिसऱ्याला इंजिनने पकडलं, आणि शेड निळ्या धुराने इतकी भरली की सगळे खोकत बाहेर पळाले. बाई उंबऱ्यातून हलल्या नाहीत. धुरातून गाडी बाहेर आली, फाटकातून गेली, कोपऱ्यावर वळली. तोवर त्या बघत होत्या.

नाशिकहून पत्र आलं. गाडी पोचली. घाटात दोनदा थांबली. धूर फार मारते.

शेठ म्हणाले, "गाडी चालू केलीस, आता गॅरेज बंद कर." महिनाभर मला गाड्या धुवायला लावलं. बाईंनी मला माफ केलं का, हे त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. बिल्डिंग होईपर्यंत त्या भाड्याने राहायच्या, तिथून दसऱ्याला माझ्यासाठी डब्यातून श्रीखंड आलं. सोबत चिठ्ठी होती: "डबा उद्या परत करावा."

मी त्याच संध्याकाळी घासून नेऊन दिला.

पुढे माझ्या हाताखाली बरेच मेकॅनिक तयार झाले. सगळ्यांना मी एकच नियम घातला. काम अर्धवट टाकून जायचं असेल तर खुशाल जा. पण बॉनेट उघडं ठेवून जा.