रद्दीत चाललेली गुरुजींची बिलं

लोकांचे आयकराचे अर्ज भरून देतो मी. महिन्यावार बिलं ठेवायला बारा कप्प्यांची लाकडी पेटी, नोंदींना हातानं शिवलेली वही आणि भिंतीवरचा तक्ता: डावीकडं आजचा करनियम, उजवीकडं नव्या विधेयकातला. तिन्ही मी स्वतः केली. शिक्षण दहावी, मित्रांनो.

आज पैठणहून निवृत्त गुरुजी पिशवीभर बिलं घेऊन आले. "नवा कायदा आला म्हणं. औषधांची करसवलत गेली. रद्दीत घालू?"

"गुरुजी, विधेयक मंजूर व्हायचंय अजून. तोवर डावी बाजू!"

वय एकाहत्तर, आरोग्य विमा नाही, करप्रणाली जुनी: सवलतीच्या अटी पुऱ्या. रोखीला सवलत नाही, म्हणून एक रोखीचं बिल बाजूला काढलं. बाकी सगळी सवलतीत बसली.

"लेका, मास्तर तू व्हायला पाहिजे होतास!"

तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांची बिलं कुठं आहेत? तक्ता येऊन फुकट बघा.

एका करसल्लागारानं तो फक्त त्याच्या गिऱ्हाइकांसाठी विकत मागितला होता. नाही म्हटलं. वीस हजार देत होता.