बटाटासन

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीइतक्या निष्पाप चेहऱ्यानं थापा मारणारं माणूस जपानातल्या या अख्ख्या सेंदाई शहरात सापडायचं नाही. जन्म इथलाच, वडील विद्यापीठात संशोधक. मराठी बोलते ती पुण्याची. जपानी मात्र कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या आजींकडून उचललेली, अस्सल गावरान. स्टेशनवर कुणी अदबीनं मोडक्या इंग्रजीत रस्ता समजावू लागलं, की ही त्या बोलीत असं काही उत्तर देई, की तो स्वतःचाच रस्ता विसरे.

हायस्कुलात सगळे जपानी, ही एकटीच निराळी. हत्ती, शून्याचा शोध, योग, कशाचाही विषय निघो, वर्गाच्या माना हिच्याकडे वळायच्या. "मावशी, मी काय दूतावास आहे?" असं सुरुवातीला ती चिडून म्हणे. मग तिनं चिडणं सोडलं आणि उत्तरं द्यायला सुरुवात केली. शाळेच्या जत्रेत वर्गानं करीचा स्टॉल लावला. मुख्य आचारी अर्थातच ही, जिला चहासुद्धा धड जमत नाही. हिनं गंभीरपणे सांगितलं, करी ढवळताना बोलायचं नसतं, ती रुसते. सगळा वर्ग तोंडाला कुलूप लावून पातेल्याभोवती उभा! मसाला दुकानातल्या पाकिटातला. तरी हेडसरांनी करी पुन्हा मागून घेतली. परीक्षेआधी वर्गातली मुलं योग शिकव म्हणाली, तर हिनं शिकवलं 'बटाटासन': गुडघे पोटाशी घेऊन गप्प पडून राहायचं. व्यायामाचे सर त्यात घोरू लागले.

"अगं, पाप लागेल," मी म्हणाले.

"मग ते विचारतात कशाला?"

गेल्या हिवाळ्यात तिच्या वर्गात पेरू देशातून एक मुलगी आली. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "तुमच्याकडे सगळ्यांना नाचता येतं ना? दाखव की!" ती बिचारी कानापर्यंत लाल झाली.

"मग तू काय थाप ठोकलीस?" मी उत्सुकतेनं विचारलं.

"काही नाही. डबा घेऊन तिच्याशेजारी बसले. विचारलं, तुला काय आवडतं?"

"मग?"

"रडली. मग म्हणाली, भूमिती." आणि ती पुटपुटली, "मला कुणी विचारेल म्हणून मीपण उत्तर तयार ठेवलं होतं, मावशी."

"काय होतं गं?"

"भूकंप. मला भूकंपांचा अभ्यास करायचाय."

त्यासाठीच एप्रिलमध्ये ती कोबेच्या विद्यापीठात गेली. निघताना खाली येऊन वाकून नमस्कार केला. मी 'सुखी राहा' म्हणाले. 'तिकडेही अधूनमधून थापा मारत जा गं,' हे सांगायचं मात्र राहूनच गेलं.